तड्यावरची काच

धाकटी सुट्टीला घरी आली तेव्हा तिच्या पिशवीत कपडे कमी आणि काचा जास्त होत्या. बोटभर रुंद, वीतभर लांब अशा पट्ट्या, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळलेली. आईने एक उलगडली, उजेडात धरून पाहिली आणि परत ठेवून दिली.

"त्यापेक्षा आरसा तरी आणायचास," आई म्हणाली. "यात धड तोंडही दिसत नाही."

"तोंड बघायला नाही आणल्या. भिंतींना लावायच्यात."

खाण पूर्वी टेकडीच्या पलीकडच्या अंगाला होती, तेव्हा सुरुंगाचा आवाज घरात नुसता ऐकू यायचा. मालकाने अलीकडचं अंग खोदायला घेतलं आणि तोच आवाज भांड्यांत, खाटेत, माणसांच्या दातांत शिरायला लागला. मग मागच्या खोलीच्या कोपऱ्यात छतापासून एक तडा निघाला आणि हळूहळू खिडकीपर्यंत उतरला. त्या खोलीत वहिनी तान्ह्या बाळाला घेऊन झोपायची. दुसरा, केसासारखा बारीक तडा स्वयंपाकघरात होता. आणि खाणीत सुरुंग भरायचं काम कुणाचं, तर याच घरातल्या कर्त्या माणसाचं, धाकटीच्या वडिलांचं, नानांचं. थोरला मुलगा त्याच खाणीची खडी ट्रॅक्टरने वाहायचा. म्हणजे घराला तडे पाडायचं कामही घरच्या घरातच होतं.

धाकटी सरकारी विद्यापीठात इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, बांधकामाच्या विभागात. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक स्वतंत्र काम करून दाखवावं लागतं, त्याशिवाय पदवी नाही. तिने आपल्याच गावच्या भिंती निवडल्या होत्या. विद्यापीठात हादरे मोजायचं चांगलं यंत्र होतं, पण ते मोठ्या संशोधनवाल्यांकडे होतं, आणि त्यांच्याकडे गेलेली वस्तू परत येते यावर तिथे कुणाचाच विश्वास नव्हता. म्हणून सरांनी तिला काचा दिल्या होत्या. पद्धत जुनी आहे, पण काच खोटं बोलत नाही, असं सर म्हणाले होते.

तिने तड्याच्या दोन्ही बाजूंना सिमेंटच्या टिकल्या थापल्या आणि त्यांवर काच आडवी बसवली. नाना दारात हाताची घडी घालून उभे होते.

"याने काय होणार?"

"तडा वाढला तर काच तुटेल, नाना. काच ताणली जात नाही ना."

"आणि तुटली की?"

"सुरुंगांमुळे भिंत हलते, हे कळेल."

"ते मला आत्ताच कळतंय. त्यासाठी विद्यापीठ कशाला पाहिजे?"

"तुम्हाला कळून उपयोग नाही. दाखवता आलं पाहिजे."

नानांनी मान हलवली, पण त्यांच्या मनात काही ते बसलं नाही. त्या विद्यापीठाबद्दल पहिल्यापासूनच त्यांच्या मनात पाल चुकचुकत होती. तिथली ती मोठाली यंत्रं, राहायला खोली, वाचायला हवी तेवढी पुस्तकं, हे सगळं एका सुरुंगवाल्याच्या पोरीला कुणी उगाच कशाला देईल? देतात म्हणजे बदल्यात काहीतरी हवं असणार. आता काचा आल्या, तेव्हा ते काय हवं होतं ते कळलं, असं नानांना वाटलं. विद्यापीठाला खाणीची बातमी हवी होती.

गावात दुसऱ्या कुणी धाकटीला दारात उभं केलं नाही. शेजारीण म्हणाली, "आमच्या भिंतींना काही झालेलं नाही, बाई." तिच्या मागे भिंतीवर एक कॅलेंडर टांगलेलं होतं, गुडघ्याच्या उंचीवर. तिथे कॅलेंडर बसून वाचतात की निजून, असं विचारायचं धाकटीच्या ओठांवर आलं होतं. पण शेजारणीचा नवराही खाणीवरच होता. धाकटी परत फिरली आणि उरलेल्या काचाही तिने आपल्याच घरात लावल्या.

खाणीवर ही बातमी तिच्या आधी पोचली. मुकादम झाडाखाली बसलेला असायचा, तो उठून नानांपाशी आला.

"नाना, पोरगी भिंतीला काय चिकटवतेय म्हणे?"

"अभ्यास आहे तिचा."

"अभ्यास वहीत करतात."

नानांनी खडकातल्या भोकात काठी घालून खोली पाहिली आणि दारूच्या कांड्या सोडायला घेतल्या. मुकादमाने त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांत सुरुंग भरताना त्यांचा हात कुणी धरला नव्हता.

"निम्म्याच टाका. मालकांचा निरोप आहे. पोरीचा अभ्यास होईपर्यंत निम्मेच बार. आणि घरी यातलं अवाक्षर नको."

निम्मा बार उडाला की खडक नीट फुटत नाही, नुसता उसवतो. पहिल्याच दिवशी म्हशीएवढे धोंडे निघाले. खडी करणाऱ्या क्रशरच्या तोंडात ते जाईनात, म्हणून माणसांनी घण घेतले. दुपारच्या उन्हात घण उचलायचा, घालायचा, परत उचलायचा. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या तळहातांची सालं निघाली होती. नाना सुरुंगवाले, घण हे काही त्यांचं काम नव्हे, पण बाकीचे राबत असताना बसून राहायला जीव धजेना. त्यांनीही घण घेतला. त्यांचा एक खांदा जुना दुखरा होता, तो रात्रीपर्यंत सुजला.

"तुमची पोरगी इंजिनेर होणार," शेजारणीचा नवरा घामाने निथळत म्हणाला, "आणि खांदे आमचे निखळणार. पेढे तरी पुरे द्याल ना?"

दोघं-तिघं हसले. नानाही हसल्यासारखं करून खाली वाकले.

निघताना फाटकावर मुकादमाने त्यांना अडवलं आणि डबा उघडून दाखवायला सांगितलं. आत भाकरीचा एक तुकडा होता. मुकादमाने तोही उलटा करून पाहिला. मागे रांगेत सगळे उभे होते आणि कुणी हसलं नाही. हसले असते तर नानांना बरं वाटलं असतं.

घरी ते गप्प होते. आईने खांद्याला तेल चोळताना विचारलं, तर म्हणाले, वय झालं. थोरल्याला सगळं माहीत होतं, कारण खडी कमी निघत होती आणि त्याच्या फेऱ्याही अर्ध्यावर आल्या होत्या. पण मालकाने त्यालाही तंबी दिली होती. जेवताना तो धाकटीकडे बघायचा आणि ताट अर्धवट टाकून उठायचा. धाकटीला वाटायचं, दादाला माझं शिकणं खुपतंय. वहिनीला वाटायचं, नवऱ्याचं बाहेर काहीतरी चाललंय. तेवढ्याशा घरात प्रत्येक जण दुसऱ्याच्या पाठीकडे बघत वावरत होता.

धाकटी रोज सकाळी काचांवरून बोट फिरवायची. काचा शाबूत होत्या. सुट्टी संपत आली तशी ती कावरीबावरी झाली. एका संध्याकाळी अंगणात मैत्रिणीशी फोनवर बोलताना तिचा आवाज चढला.

"एकही नाही गं तुटली. लिहू काय मी? भिंती छान आहेत म्हणून? सगळे हसतील. एक जरी तुटली असती ना, तरी वर्ष वाचलं असतं."

नाना हौदापाशी पाय धुत होते. ते बराच वेळ पाय धुत राहिले.

दोन दिवसांनी सकाळी वहिनी बाळाला घेऊन ओसरीवर आली आणि म्हणाली, "ताई, काच फुटली बघा." धाकटी धावत आत गेली. मागच्या खोलीतली तुटली होती. स्वयंपाकघरातलीही तुटली होती. आनंदाने तिला रडूच फुटलं. स्वयंपाकघरातला एवढासा तडा, तिथली काच कशी तुटली, हे तिच्या मनात येऊन गेलं. पण तिला ते नको होतं, म्हणून तिने ते फार वेळ मनात ठेवलं नाही. तुकडे आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधले आणि दुपारची गाडी धरली.

सरांची खोली प्रयोगशाळेच्या टोकाला होती. वाटेत सिमेंटचे ठोकळे रचलेले होते आणि एक मुलगा यंत्रात ठोकळा घालून तो फुटायची वाट बघत उभा होता. सरांनी फडकं सोडलं, दिवा खाली ओढला आणि तुकडे एकमेकांना जोडून पाहिले. मग चष्मा काढला.

"तडा सरकला की काच तड्याच्या रेषेत तुटते," ते म्हणाले. "दोनच तुकडे होतात. हे बघ. मधे एक ठिपका, आणि त्याच्याभोवती चांदणीसारख्या रेघा. हा घाव आहे. कोणीतरी मारलंय यावर."

धाकटीने पाहिलं. चांदणी लख्ख दिसत होती. ती घरीही दिसली असती.

"कोणी?" सरांनी विचारलं.

"मला माहीत नाही, सर."

"घरात कोण होतं?"

"घरचेच होते."

"आणि तू?"

"मीही होते."

मागच्या वर्षी एका मुलाने होस्टेलच्या खोलीत बसून ठोकळ्यांच्या चाचणीचे खोटे आकडे रचले होते, तेव्हापासून सर कुणावर पटकन विश्वास ठेवत नसत.

"न तुटलेली काच हेही उत्तरच असतं, हे मी तुला सांगितलं होतं का?"

"नाही, सर."

"सांगायला हवं होतं." त्यांनी तुकडे परत फडक्यात बांधले, पण तिच्या हातात दिले नाहीत. "मला हे विभागात सांगावं लागेल. ही काच कोणी फोडली ते कळेपर्यंत तुझं काम थांबलं. तू फोडली असशील तर आत्ता सांग. नंतर सांगितलंस तर मी काही करू शकणार नाही."

"मी नाही फोडली."

"ठीक आहे," सर म्हणाले. त्यांना खरं वाटलं नव्हतं, हे त्या 'ठीक आहे'वरून कळत होतं.

ती परतीच्या गाडीत बसली तेव्हा मनात एकेकाला उभं करून ती त्याच्याकडे बघत होती. आई नाही. वहिनी नाही, वहिनीला तर भिंतीची भीती वाटायची. मग दादा. तो ताटावरून उठून जायचा, तिच्याकडे बघायचा. काम बंद पडावं असं त्यालाच वाटत असणार. गाव येईपर्यंत तिची खात्री झाली होती.

सगळे जेवायला बसले होते. तिने पिशवीही खाली ठेवली नाही.

"दादा, काचा तू फोडल्यास."

थोरल्याने घास खाली ठेवला. "मी?"

"हातोडी मारलीय कुणीतरी. सरांना वाटतंय मीच मारली. ते मला काढून टाकतील. तुझं काय बिघडवलं होतं मी?"

"काय बिघडवलं?" थोरला उठून उभा राहिला. "माझ्या फेऱ्या निम्म्या झाल्या तुझ्यापायी. खाणीवरचा प्रत्येक माणूस मला टोमणे मारतो. तरी तुझ्या काचेला मी बोट लावलं नाही."

"फेऱ्या माझ्यापायी कशा निम्म्या झाल्या?"

थोरल्याने एकदम तोंड मिटलं आणि नानांकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. नाना ताटातल्या ताटात बोट फिरवत होते.

"मी फोडली," नाना म्हणाले.

आईच्या हातातला डाव भांड्यातच राहिला.

"मुकादमाने सांगितलं?" धाकटीने विचारलं. "मालकासाठी फोडलीत तुम्ही?"

ते नानांना फार लागलं. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

"मुकादमाने सांगितलं असतं तर हात लावला नसता," ते म्हणाले. "तुला तुटलेली हवी होती. फोनवर म्हणत होतीस. एक तुटली तरी वर्ष वाचेल म्हणून."

"म्हणून तुम्ही हातोडीने..."

"काचा लागल्यापासून आम्ही निम्मेच बार भरतोय. मालकाने सांगितलंय, पोरीचा अभ्यास होईपर्यंत निम्मे. मग तुझी काच तुटणार कशी? तू रोज बोट फिरवत होतीस आणि मला सगळं माहीत होतं. सांगता येत नव्हतं. मला वाटलं, पूर्ण बार असते तर तुटलीच असती. मग आपणच तोडली तर त्यात खोटं काय?"

"सगळंच खोटं आहे, नाना." ती खाली बसली आणि मोठ्याने रडायला लागली. "मला चोर ठरवलंत तुम्ही."

नानांना काय करावं कळेना. त्यांनी आपलं पाणी तिच्यापुढे सरकवलं. तिने ते घेतलं नाही.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "सरांना येऊन सांगा."

"काय सांगू?"

"तुम्ही फोडलीत हे. आणि का, तेही."

"का, ते सांगितलं तर खाण संपली आपल्याला," थोरला म्हणाला. "नानांचीही आणि माझीही."

सगळे आईकडे बघायला लागले. आई सहसा अशा वेळी उठून चुलीकडे जायची. ती उठली नाही.

"त्या भिंतीखाली बाळ झोपतंय," ती म्हणाली. "आणि पोरीवर आळ आलाय. जाऊन या."

नानांनी धुतलेला सदरा घातला. प्रयोगशाळेत त्यांना खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत. एवढ्या स्वच्छ यंत्रांमध्ये आपल्या अंगाला अजून सुरुंगाच्या दारूचा वास येतोय, असं त्यांना सारखं वाटत होतं. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"मुलीला वाचवायला आळ स्वतःवर घेताय का?"

"नाही."

"मग करून दाखवा."

एका ठोकळ्यावर सिमेंटच्या दोन टिकल्यांवर काच बसवलेली होती. सरांनी नानांच्या हातात हातोडी दिली. यंत्रापाशी उभा असलेला मुलगाही बघायला आला. नानांनी हातोडी उलटी धरली, लाकडी दांडा काचेच्या मधोमध टेकवून पाहिला आणि हलकेच मारला. चांदणी उमटली. सरांनी फडक्यातला तुकडा तिच्याशेजारी ठेवला. दोन्ही चांदण्या सारख्याच होत्या.

"आवाज होऊ नये म्हणून दांड्याने मारली," नाना म्हणाले. "बाळ झोपलं होतं."

सरांनी धाकटीकडे पाहिलं. "तुझ्यावरचा संशय गेला," ते म्हणाले. मग नानांना विचारलं, "बार निम्मे केल्याचं तुम्ही आणखी कुणासमोर सांगाल?"

"सांगीन. पण मालकाला माझ्याकडून कळायची गरज नाही. मी गाडीत बसलो तेव्हा मुकादमाचा भाऊ समोरच्याच बाकावर आमच्या बोलण्याकडे कान देऊन बसला होता."

परत येताना दोघं शेजारी बसले होते. धाकटीने खिडकीची जागा नानांना दिली. तिचा राग गेला नव्हता, आणि तो राग धरून ठेवल्याची लाजही तिला वाटत होती.

दुसऱ्या दिवशी फाटकावर मुकादमाने नानांचा डबा उघडायला सांगितला नाही. "तुमचं काम संपलं," एवढंच म्हणाला. थोरल्याचा ट्रॅक्टरही त्याच दिवशी रिकामा परत आला. मालक मात्र हसत होता, असं शेजारणीच्या नवऱ्याने सांगितलं. बापानेच काचा फोडल्या म्हटल्यावर त्या काचांना आता कोण विचारतंय, असं मालक म्हणत होता. घण मारून माणसं थकली होती आणि क्रशर अर्धा वेळ रिकामा फिरत होता. आता पुन्हा पूर्ण बार भरायचे ठरले होते.

धाकटीने जायच्या आधी नव्या काचा लावल्या. या वेळी नाना दारात उभे राहिले नाहीत. वहिनीचं अंथरूण पुढच्या खोलीत आणलं होतं.

ती परत होस्टेलवर गेल्यावर नाना दिवसभर घरीच असायचे. सुरुंगवाला घरी बसला की हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नाही. ते कुंपण बांधायचे, सोडायचे, पुन्हा बांधायचे. एका सकाळी खाणीवर सुरुंगाच्या इशाऱ्याचं लाल निशाण चढलेलं त्यांना अंगणातून दिसलं आणि त्यांनी मनातल्या मनात भोकं मोजली.

दुपारी धाकटी यंत्रापाशी ठोकळा घालून उभी असताना तिचा फोन वाजला.

"मागच्या खोलीतली तुटली," नाना म्हणाले. "मधोमध, तड्याच्या रेषेत. दोनच तुकडे झालेत. चांदणी नाही."

ती बोलायच्या आधीच ते घाईघाईने पुढे बोलायला लागले.

"मी हात लावलेला नाही. मी खोलीत नव्हतोच. तू गेलीस तेव्हापासून कुलूप घातलंय बाहेरून, किल्ली आईच्या कमरेला असते. आईनेच उघडलं आत्ता. थांब, तिला देतो. तिला विचार."

"नाना," ती म्हणाली.

पण त्यांनी फोन आईकडे दिला होता.